शिवणाच्या बाई आणि पळपुटा रोबो

ती. वहिनींना,

तुमच्या धाकट्या नणंदेचा, म्हणजे या घडीला जी खुर्ची घट्ट धरून बसली आहे तिचा, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट वाजतो म्हणाला होतात, तर आता दुखणं आणि आवाज दोन्ही गेले, की नुसता आवाज मागे राहिला? दादाची झोप, दादाचं घोरणं आणि त्यापायी उडालेली तुमची झोप, तिन्हींची खुशाली कळवा. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर परवापासून माझ्या छातीत शिवणयंत्र सुरू आहे आणि पायडल कोण मारतंय तेच कळत नाही.

झालं असं. मी आपली मुलींच्या शाळेत शिवण शिकवणारी बाई. काजं, बटणं, झालर, फार तर फार एखादं पुढून उघडणारं झबलं, असा माझा निरुपद्रवी संसार. त्यात एके दिवशी मुख्याध्यापक सर माझ्या खोलीत आले आणि म्हणाले की शाळेला रोबो मिळालाय आणि तो तुमच्याकडे द्यायचं ठरलंय. मला वाटलं, ठेवायला! (माझ्या खोलीला कुलूप आहे. बाकीच्या खोल्यांना दारंही धड नाहीत.) तर नाही, शिकवायला! मुलींना कोडिंग आणि रोबो तुम्ही शिकवायचे म्हणे. वहिनी, मला फोनचा आवाज बंद करता येत नाही, तो मी उशीखाली ठेवते. तसं सांगितलंही. तर सर म्हणाले, शाळेत यंत्रं फक्त तुमच्या खोलीत आहेत, तेव्हा यंत्रांच्या बाई तुम्हीच. गणिताच्या बाईंनी तर ऐकताक्षणी पाठदुखी काढली होती. त्यांचं गणित पक्कं आहे.

मग प्रशिक्षण झालं. शिकवणारा मिसरूडही न फुटलेला, आणि बोलणं असं की पहिलं वाक्य माझ्या कानात शिरेपर्यंत त्याची पुढची चार निघून गेलेली. मला एवढंच उमगलं की रोबोला स्वतःचं डोकं नसतं. त्याला एकेक गोष्ट क्रमाने सांगावी लागते आणि सांगितली की तो ती अगदी तश्शी करतो. (म्हणजे आपल्या दादाच्या नेमकं उलट.) प्रत्यक्षात पाहिला तेव्हा तर मी हबकलेच. रोबो म्हणजे हात-पाय असलेला कुणी असेल म्हणून मी त्याच्या मापाचा सदरा मनात बेतून ठेवला होता. निघाली बुटाच्या खोक्याएवढी चार चाकांची गाडी! पुढे दोन गोल डोळे, समोर काही आलं तर दिसावं म्हणून. लॅपटॉपवर सूचना लिहायच्या, वायरीने गाडीच्या पोटात भरायच्या, मग वायर काढली तरी गाडी आपली आपण चालते. लॅपटॉपही एकच, आणि त्याची बॅटरी मेलेली, त्यामुळे तो सतत विजेला जोडून ठेवावा लागतो. वीज येणारा प्लग अख्ख्या शाळेत फक्त सरांच्या खोलीत. तेव्हा खिडकीतून लांब वायर काढून आम्ही व्हरांड्यात बसायचो आणि सरांना चहा गरम करायचा असला की आमचं शिक्षण थांबायचं.

पण मुली! वहिनी, गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशा त्या गाडीला लागल्या. त्यातली एक सातवीतली. वर्गात तिला पणबाई म्हणतात, कारण 'पण बाई' म्हटल्याशिवाय तिचं वाक्यच सुरू होत नाही. वडील सायकलची पंक्चरं काढतात. पोरगी चुकायची, पुसायची, पुन्हा लिहायची, पुन्हा चुकायची, आणि घंटा झाली की माझा पदर धरून आणखी थोडा वेळ मागायची. माझ्या शिवणाच्या तासाला इतक्या वर्षांत कुणी पदर धरला नाही. (एकीने एकदा यंत्रात शिवला होता, ते वेगळं.)

तर मुख्य गोष्ट. आसपासच्या सगळ्या शाळांना मिळून गाडी-लॅपटॉपचा हा संच एकच होता, आमच्याकडे तो तात्पुरताच आला होता, आणि कायमचा कुणाला द्यायचा ते ठरवायला मोठे साहेब येणार होते. आमच्याशी चुरशीला होती हमरस्त्यावरची, वर्गावर्गात पंखे असलेली पंखेवाली शाळा. आमच्याकडून सादरीकरण असं ठरलं की रोबो फुलांचा गुच्छ पाठीवर घेऊन साहेबांपर्यंत जाईल आणि थांबेल. पहिल्याच तालमीत तो सरांच्या नव्या पॅंटवर धडकला आणि हातातला चहा सांडला. सर कडाडले, हे यंत्र कुठल्याही माणसाला शिवता कामा नये! पणबाईने तसं लिहून टाकलं. समोर काही आलं की वळ. त्यानंतर सर पॅंट सांभाळून लांब उभे राहू लागले, त्यामुळे रोबोच्या समोर कुणी आलंच नाही, आणि आपण काय करून ठेवलंय हे कुणाच्याही, अगदी माझ्याही, ध्यानात आलं नाही.

परवा साहेब आले. खिडक्यांना पालक लोंबकळलेले. ऐन वेळी वीज गेली, म्हणजे आता लॅपटॉप बंद आणि गाडीच्या पोटात असेल ते असेल. साहेब दोन्ही हात पुढे करून, कौतुकाने वाकून उभे राहिले. रोबो डौलात निघाला, साहेबांपाशी आला, क्षणभर थांबला आणि पाठ फिरवून चालू लागला. लोकांना वाटलं, मुजरा! टाळ्या पडल्या. साहेब वळसा घालून पुन्हा समोर गेले. रोबो पुन्हा वळला. सर म्हणाले, साहेब, जरा डावीकडून या. साहेब डावीकडून, रोबो उजवीकडून. मग तर वहिनी, पुढे गुच्छ, त्यामागे कमरेत वाकलेले साहेब, त्यामागे घाम पुसणारे सर, अशी ती वरात खोलीत फेऱ्या घालू लागली. मुलीसुद्धा हसल्या नाहीत, इतकी सगळ्यांची दातखीळ बसली होती. शेवटी साहेब धापा टाकत थांबले.

"हे मला बघून पळतंय का?"

 आणि पणबाई उभी राहिली. मी डोळ्यांनी खूप दटावलं.

"पण साहेब, ते बरोबर करतंय. त्याला सांगितलंय, समोर अडथळा आला की वळायचं. तुम्ही अडथळा आहात."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. सर मटकन खाली बसले. खाली खुर्ची नव्हती. 

"इतकी नोकरी झाली," ते सावकाश म्हणाले, "हे तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. मग आता मी काय करू?"

"बाजूला व्हा ना."

आणि वहिनी, साहेब बाजूला झाले! रोबो सरळ निघाला, आणि चालत्या बसमधल्या माणसाच्या हातातली पिशवी ओढून घ्यावी तसा साहेबांनी जाता जाता गुच्छ उचलला. मग असे हसले की बटण तुटलं. (मी तिथल्या तिथे लावून दिलं. शिवण बुडालेलं नाही.) संच आमच्याकडे राहिला. वर धक्का म्हणजे, पंखेवाल्या शाळेच्या शिक्षकांना हे सगळं मी शिकवायचं असा हुकूम झाला. मी! तेव्हापासून खुर्ची धरून बसले आहे.

बाकी सर्व ठीक. दादाला नमस्कार, गुडघ्याला तेल.

तुमची नणंद

ता. क. आमची शाळा सातवीपर्यंतच. दुसऱ्या दिवशी पणबाईचे वडील आले. मला वाटलं, आता पोरीच्या आगाऊपणाची माफी मागणार. पण ते टोपी हातात फिरवत म्हणाले, "बाई, आठवीची शाळा लांब आहे, रोजचं जाणं-येणं जमणार नाही. सुट्टी संपली की पोर दुकानात बसेल." मला साहेबांच्या वेळी बसला नव्हता एवढा धक्का बसला. विचार न करता बोलून बसले, की पोर माझ्या वहिनींकडे राहून शिकेल. मुलींची मोठी शाळा तुमच्या गल्लीच्या टोकालाच आहे, आणि मुलं आपापल्या नोकरीच्या गावी गेल्यापासून घर खायला उठतं असं तुम्हीच म्हणाला होतात.

ता. क. दुसरा. हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्या दोन वेण्यांच्या मुलीने ते तुमच्या हातात दिलं, तीच पणबाई. वडील फाटकाबाहेर उभे असतील. लाजरे आहेत, आत या म्हटल्याशिवाय यायचे नाहीत. नाही म्हणायचं असेल तर अगदी मोकळेपणाने म्हणा, मी मुळीच मनाला लावून घेणार नाही. फक्त वाचताना चेहरा जरा सांभाळा. ती तुमच्याकडेच बघत असेल.