पुढचा मेंदू

३ जून, मंगळवार

सुनेची पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, प्रोसेनसेफॅलॉन दुभागलेला नाही. मुलगा आणि सून माझ्या तोंडाकडे बघायला लागले — मी प्राणिशास्त्राची पदवीधर ना! "पुढचा मेंदू," मी सांगून टाकलं. इतक्या वर्षांनी शब्द आठवला याचं क्षणभर बरंही वाटलं. अर्थ मागाहून पोचला.

निघताना बाईंनी मला मागे थांबवलं. हे बाळ जगणार नाही. घरी नीट समजावा, गर्भ ठेवायचा की नाही ते ठरवून तेरा तारखेला या. मी मान हलवली.

४ जून

सून गुणगुणत घर झाडतेय! मला वाटलं, धक्का बसलाय. तसं नव्हे. भाजी निवडताना म्हणाली, "आई, मागचा मेंदू तर झालाय. पुढचा होईल की पुढच्या महिन्यात."

मुलगा लिफ्ट बसवण्याची कामं करतो. त्यानं री ओढली — इमारत आधी उभी राहते, लिफ्ट शेवटीच बसते. दोघंही हसली.

पुढचा! समोरचा म्हणायला हवं होतं. नाहीतर सरळ अग्रमस्तिष्क. कुणाला काही कळलं नसतं आणि बाईंनाच परत विचारावं लागलं असतं.

८ जून, रविवार

मुलाला जिन्यात गाठून खरं सांगितलं. तो पायरीवरच बसला. तिला तूच सांग, म्हटलं. जमणार नाही म्हणाला. सुट्टी असून हत्यारांची पिशवी उचलून कामावर गेला.

९ जून

आज सांगणार होते. ती बाळाची टोपी विणत बसली होती. नाही सांगितलं.

११ जून, बुधवार

सांगितलं. ती भांडी विसळत होती, मी पुसत होते. पुढचा म्हणजे नंतरचा नव्हे, कपाळामागचा. वेळेवर त्याचे दोन भाग व्हायला हवे होते. झाले नाहीत. आता होणार नाहीत. बाळ जगायचं नाही, हेही सांगितलं. आवाज वर्गात शिकवल्यासारखा येत होता, पण दुसरा आवाज मला नाहीच.

तिनं नळ बंद केला. मला हे तेव्हापासून माहीत होतं का, विचारलं. हो म्हणाले. तिनं ओले हात पुसले.

"कपाळ तर आहे ना पण?"

आहे, म्हटलं. मला खरंच माहीत नाही.

१२ जून

जेवली नाही. मुलगाही नाही. मी जेवले. कुणीतरी उभं राहायला हवं.

१३ जून, शुक्रवार

ठेवायचं नाही, असं सुनेनंच सांगितलं. सही करण्याआधी बाईंना एकच विचारलं — बाळाला दुखेल का?

बाई म्हणाल्या, दुखणं कळायलाही तोच भाग लागतो.

"मग बरंय," सून म्हणाली. सही केली.