एल्डर नील्सन यांच्या बदलीबाबत

९ फेब्रुवारी १९८८, मंगळवार. सायंकाळी ५.१०

आज दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी माझ्या घराच्या वरच्या मजल्यावरून भाडेकरू एल्डर नील्सनला दोन सुटकेसांसह हलवण्यात आले. मला पूर्वसूचना नाही. मी तेव्हा सीताबर्डीच्या बाजारात होते. त्याच्यासाठीच बोर्नव्हिटा आणायला, कारण या मॉर्मन पंथाच्या अमेरिकन मिशनरी पोरांना (पदवी मात्र एल्डर) चहा-कॉफी वर्ज्य. चार पस्तीसला परतले. फाटक उघडे. वर त्याचा जोडीदार एल्डर पॅक एकटा उभा. म्हणाला, ट्रान्स्फर झाली मॅडम. कुठे? सांगायची परवानगी नाही. का? माहीत नाही.

एकतीस वर्षे मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली नऊ सुपरवायझर म्हणून. लाइन तोडण्याआधी आम्ही ग्राहकाला सांगत असू. ही साधी रीत आहे.

मैनाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "बाई, थो जाताना मले..." मी तिथेच थांबवले. या घरात त्याचे नाव काढायचे नाही, असे बजावले. बोर्नव्हिटा कपाटात सर्वात वर ठेवला.

मला काही वाटलेले नाही. प्रश्न शिष्टाचाराचा आहे.

१० फेब्रुवारी. सकाळी ७

झोप उत्तम. साडेसहाला जाग आली. वर गजर झाला नाही. सात महिने रोज साडेसहाला तो गजर, मग दोघांची प्रार्थना, मग पुस्तकवाचन, मग पांढरे शर्ट आणि टाय घालून सायकलींवर नंदनवन वस्तीभर दारे ठोठावणे. घरी बसवून पोहे सगळ्यांनी दिले, धर्म बदलला एकानेही नाही. बदल झाला तो फक्त शर्टांचा. मैनाबाई नीळ फार घालते.

मिशनच्या प्रेसिडेंटसाहेबांना तक्रार करायची ठरवले. ते मला ओळखतात. ३० जानेवारीलाच मी त्यांना नील्सनबद्दल दोन पानी पत्र लिहिले होते. फेब्रुवारीत बदल्या होतात असे कानावर आले होते, म्हणून त्याला नागपुरातच ठेवावे अशी शिफारस केली. तसे पत्र वाचून कोणी माणूस हलवणार नाही. अर्थात ते पोचलेच नाही. दोष पोस्टखात्याचा.

११ फेब्रुवारी

पोस्टात जाऊन खिडकीवरच्या माणसाला चांगले सुनावले. तो शांतपणे म्हणाला, मॅडम, रजिस्टर ए.डी. आहे, पावती येईल.

१२ फेब्रुवारी. दुपारी २

पावती आली. ४ तारखेची सही आहे. म्हणजे पत्र पोचले.

म्हणजे प्रेसिडेंटसाहेबांपुढे ते ठेवलेच गेले नाही. ऑफिसातल्या क्लार्कांचे हे जुने धंदे. माझ्या हाताखाली असे दोन होते.

१४ फेब्रुवारी, रविवार

नवा एल्डर आला. ठेंगणा, चष्मा, फार हसतो. मी व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या, तर दोघे पायरीवरच उभे. आत या म्हटले तर नो थँक यू मॅडम. मराठी विचारली, तर "नमस्कार" एवढीच.

नील्सनला मी शुद्ध मराठी शिकवत होते. संध्याकाळी त्याचे पुस्तक घेऊन बसायचे. तो वाचायचा, मी चुका काढायचे. बायबल मला त्याच्याहून जास्त पाठ. आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी छडीने शिकवले आहे. बाबांनी दोनपैकी एक हातमाग विकून माझी फी भरली होती, म्हणून मी एकही वचन विसरले नाही. इतके करून हा पोरगा एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणतो, "काहून वं मावशी, आज काय रांधून राहिली?" सगळी मैनाबाईची शिकवण. मी पंधरा मिनिटे रागावले. मावशी म्हणायचे नाही, मिस म्हणायचे, असे सांगितले. त्याने ऐकले नाही. मीही पुन्हा सांगितले नाही, कारण शिक्षकाने एकच गोष्ट दोनदा सांगू नये.

शेजारचे वामनराव कुंपणावरून म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम. किरायेदार होता, पोटचा पोरगा थोडीच होता." त्यांच्याशी बोलणे बंद.

१६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

साबुदाण्याची खिचडी तीन ताटांपुरती झाली. हाताचा अंदाज चुकला. मैनाबाईने ताटांकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिला गप्प राहायला सांगितले आहे ते बरे.

२१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०

माझ्या पत्राची कार्बन कॉपी सापडली. पुरावा म्हणून मुद्दे इथे उतरवते, मराठीत.

एक. एल्डर पॅक तापाने आजारी असताना बारा दिवस नील्सन रोज संध्याकाळी एकटा खाली येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसत असे आणि मन लावून मराठी शिकत असे. इतका मेहनती मुलगा मी पाहिलेला नाही.

दोन. मी अविवाहित आणि एकटी राहणारी बाई असूनही त्याने कधी संकोच केला नाही. घरच्यासारखा वागला.

तीन. त्याच्या आईचे ऑपरेशन झाल्याचे पत्र अमेरिकेतल्या आयडाहोहून तीन आठवड्यांनी आले. तो बटाटे सोलत होता तसाच बसून राहिला. मी स्वतः शामलाला फोन केला. शामला माझी जुनी ज्युनिअर, आता ट्रंक एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर. तिने २३ जानेवारीला सकाळी आठला लाइन जोडून दिली आणि धरून ठेवली. तीन मिनिटांचा कॉल, नऊ मिनिटे चालला. आईवर एवढे प्रेम करणारा मुलगा तुमच्या मिशनचे भूषण आहे.

चार. सबब त्याला निदान वर्षभर इथेच ठेवावे.

एकही स्वल्पविराम चुकलेला नाही. उत्कृष्ट पत्र.

त्या नऊ मिनिटांत तो तीन वेळा "मॉम" म्हणाला, बाकी नुसता रडला. मी पाठ फिरवून गॅससमोर उभी होते. दूध उतू गेले तरी हलले नाही. ऑपरेटरने ऐकायचे नसते. मग त्याने फरशीवर गुडघे टेकून प्रार्थना केली. मैनाबाईने लगेच हात जोडले. मी नाही. माझे डोळे मिटले होते ते फोडणीच्या धुरामुळे.

हे सगळे पत्रात घातले नाही. तेवढा संयम माझ्यात आहे.

२४ फेब्रुवारी. सायंकाळी ६

एल्डर पॅकला पायरीवर गाठून सरळ विचारले, नील्सनने कोणता गुन्हा केला? बराच वेळ अळमटळम. मग खिशातून नियमांची छोटी पांढरी पुस्तिका काढून दाखवली. जोडीदाराला सोडून कुठेही एकटे जायचे नाही. एकट्या बाईच्या घरात बसायचे नाही. घरी फोन वर्षातून दोनदा, ख्रिसमसला आणि मदर्स डेला.

मी म्हणाले, तुम्ही आजारी होता, तुम्हाला तर काहीच माहीत नव्हते. मग हे वर कळवले कोणी? पॅक बुटांकडे पाहू लागला. म्हणाला, आय अॅम सॉरी मॅडम, आणि जिना चढून गेला.

म्हणजे चहाडी झाली आहे. संशय वामनरावांवर. त्यांच्या कुंपणावरून माझे स्वयंपाकघर दिसते. उद्यापासून पडदा.

२५ फेब्रुवारी

पडदा लावला. वामनरावांना इंग्रजीत पत्र लिहिता येत नाही, असे मैनाबाई म्हणते. तिला विचारले नव्हते.

२८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३

जेवताना वामनरावांची तक्रार त्यांच्या मुलीकडे करायचे बोलत होते. मैनाबाई एकदम उठली. ताटाचा आवाज झाला. म्हणाली, "बस झालं बाई. तुमी नाव काढू नको म्हटलं, मी वीस दिवस नाही काढलं. पण त्या म्हाताऱ्याले फुकटचा बोल काहून लावता?"

मग सांगितले ते असे. त्या दिवशी नील्सन अर्धा तास फाटकाशी उभा होता. ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, पॅक घड्याळ दाखवत होता. तो सीताबर्डीच्या रस्त्याकडे पाहत राहिला. शेवटी मैनाबाईला म्हणाला, "मावशीले सांगजो, मी थांबून होतो. पण चिठ्ठीचं तिले सांगू नको वं. तिच्या चिठ्ठीनंच झालं हे समजलं त तिले लय वाईट वाटन."

मी म्हटले, तू खोटे बोलतेस, हे शब्द तुझेच आहेत. ती म्हणाली, "माह्या बोलण्यात 'वाटन' येते. त्याच्या तोंडूनबी तसंच आलं. मले का खोटं करता येते?"

मैनाबाईला इंग्रजी येत नाही. पत्रात काय होते हे तिला कळणे शक्य नाही. तेव्हा तिच्या म्हणण्याला अर्थ नाही.

सायंकाळी ५.३०

पडदा काढला.

२९ फेब्रुवारी

नोंद नाही.

१ मार्च १९८८, मंगळवार. सकाळी ६.३०

प्रेसिडेंटसाहेबांना पाठवायचा मजकूर. आधी इथे मराठीत, मग इंग्रजी करीन.

महाशय, माझे ३० जानेवारीचे पत्र आपण वाचले हे आता मला समजले आहे. क्लार्क आणि पोस्टखाते यांच्यावरचा आरोप मागे घेते. ते पत्र रद्द समजावे. त्यात लिहिलेले सर्व खरे आहे, पण त्यातला एकही दोष त्या मुलाचा नाही. घरात मी बोलावले. बस मी म्हटले. फोन मी जोडला, तो नको नको म्हणत होता. मला आपले नियम माहीत नव्हते. विचारले असते तर कळले असते. मी विचारले नाही, कारण मला तो इथे हवा होता.

त्याच्या नावापुढे काही शेरा मारला असेल तर तो खोडून माझ्या नावापुढे मारावा. माझ्या सर्व्हिसबुकात आजवर एकही नाही, जागा भरपूर आहे.

त्याची आई आता कशी आहे, हेही कळवावे. शामला विचारत होती. मीही.

उत्तर लेखी हवे, ३१ मार्चच्या आत. दोन ओळी पुरेत. तुम्हाला वेळ नसेल तर त्यालाच लिहू द्यावे. मैनाबाईच्या मराठीत लिहिले तरी चालेल. मी चुका काढणार नाही.