शिजत्या पॅनपायी वाया गेलेला पास

अवो सुनीलचे बाबा,

काल नेसरीचे महादूभावजी घरी आले. सुदानच्या साखर कारखान्यात तुमच्या खोलीवर राहणारे. त्यांच्याबरोबर पुढं आलेली तुमची बॅग ठेवली, चहा घेतला आणि खरं काय झालं ते बोलले. म्हणून लिहायला बसले. हे पोटात ठेवून मला घास उतरत न्हाय.

आजवर मी तिथल्या शिपायांना शिव्या घालत होते. लढाई पेटल्यावर त्यांनी तुम्हाला बाहेर पडायचा पासच दिला न्हाय, असं आम्ही धरून चाललो होतो. आपल्या घरी यायला बंदूकवाल्याचा कागद लागतो, ह्याचीच मला किळस यायची.

आणि आता कळतंय, पास तुमच्या खिशात होता!

भावजी म्हणाले, "वहिनी, पास एका दिवसाचा. दिवस मावळला की रद्दी. मी गाडीतनं हाका मारतोय, तर ह्यो उसाचा रस आटवायच्या पॅनजवळनं हलंना. म्हणाला, रस शिजत आलाय, आता सोडला तर आत दगड होईल. एवढा पॅन उतरवतो, मागच्या गाडीनं येतो."

मागची गाडी मिळालीही. पण नाक्यावर पोचेस्तोवर अंधार पडला. शिपायानं पास फाडला आणि तुम्हाला माघारी हाकललं. हे तुम्हीच भावजींना फोनवर सांगितलंत. मग दुसऱ्या पासाची वाट बघत कॉलनीत बसलात, आणि तिथंच तोफेचा गोळा पडून गेलात.

कुणासाठी केलंत हे? तुमचा साहेब आदल्या दिवशीच मोटारीतनं पसार झाला होता. ती साखर पुढं शिपायांनीच ट्रक भरून नेली म्हणे. पास फाडणाऱ्याच्या चहात तुमची साखर. थू!

तुमची खोड मला नवी हाय व्हय? आपल्या हळदीच्या दिवशी तुमची उष्टी हळद येईना, मी पाटावर बसून वाळले. आत्या म्हणाली, "नवऱ्यानं साखरंशीच लगीन लावलं काय गं?" तुमचा निरोप आला, पॅन चढलाय. तेव्हा मीही हसले होते.

गल्लीतली पोरं आता तुमचा फ्लेक्स लावायचा म्हणतात. कर्तव्यनिष्ठ कामगार! ऐकूनच मला शिसारी आली. त्यात आपला सुनील, इथल्या कारखान्यात तुमच्याच कामावर लागलेला, भावजींचं ऐकून ताठ बसला.

मी विचारलं, "तू काय केलं असतंस रे?"

खाली बघून म्हणाला, "पॅन उतरवला असता."

तसंच उठून मी भांडी घासायला गेले.

तेव्हा ऐकून ठेवा. फ्लेक्स लागणार न्हाय. पॅन धरायला त्याला तुम्ही शिकवलंत, सोडून पळायला मी शिकवीन. रसाचा दगड झाला तर छिन्नी घेऊन फोडतील की. ते त्याच्या डोक्यात शिरेस्तोवर मी त्याची पाठ सोडत न्हाय.

अजून तुमच्यावर चिडलेली,
सुनीलची आई