भिंतीवरची वाटी

रविवार, ५ जानेवारी

आज किल्ली हातात आली. वर्सोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसलो तेव्हा मांडीवर स्टोव्ह होता, पायाशी हत्यारांची पेटी. शेजारी बसलेल्या कोळणीनं विचारलं, बायकोनं घराबाहेर काढलं की काय. मी म्हटलं, उलट आहे, बायकोसाठीच चाललोय. सगळी बोट हसली. मीही हसलो. फार दिवसांनी.

गेलं अख्खं वर्ष घरं बघण्यात गेलं. शकुच्या छातीला गोवंडी मानवत नाही. कचऱ्याच्या डंपिंगला आग लागली की ती भिंतीला धरून खोकते. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. आमच्या बाईसाहेबांची अट अशी की हवा गावची पाहिजे, पण बाजार जवळ पाहिजे. लहानपणी तिच्या गावाला मीठमिरचीसाठी एसटी धरावी लागायची, ते पुन्हा नको. आमची संघमित्रा नाहूरला असते. ती म्हणाली, पप्पा, आमच्या टॉवरमध्ये घ्या ना, खाली उतरलं की मॉल, अजून काय पाहिजे. तिथं खिडकी उघडली की समोरच्याचा एसी. जन्मभर एसी दुरुस्त करताना गरम वारा तोंडावर घेतला, आता तोच घरात घेऊ का.

शेवटी ही खारवाडी सापडली. मढच्या पुढे, खाडीच्या अंगाला. दोन खोल्या, वर कौलं, मागे अंगण आणि अंगणाला माझ्या डोक्याहून उंच दगडी भिंत. वाऱ्याला मीठ आहे, धूर नाही. बोटीनं पलीकडे गेलं की किराणा, औषधं, भाजी, मासळी, सगळं. कौलांचा उतार पाहिला, पाण्याचा जोर पाहिला. अर्थिंग नव्हतं, ते आजच केलं. मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही. मशिनच्या इंग्रजी पुस्तकांतून एकेक शब्द उकलत शिकलो, पण शिकलो ते पक्कं.

घरमालक काशीराम, वयस्कर कोळी, बोंबील वाळवतात. माणूस भला वाटला. निघताना मात्र एक सांगून गेले. मागच्या भिंतीवर कधी वाटी येईल. खायची तर खा, नाहीतर मांजराला घाला. पण वाटी धुऊन रिकामीच ठेवा. तुमच्या घरचं काही त्यात घालून परत देऊ नका. भिंतीपलीकडे कोण असतं विचारलं, तर म्हणाले, आहेत जुनी माणसं.

मी पुढे काही विचारलं नाही. विचारायचं काय. माझ्या आजीला गावात वरून भाकरी टाकत, तिच्या हातचं पाणी मात्र कोणी घेत नसे. मला वाटलं होतं मुंबईत तरी ते संपलं. असो. भाडं भरलंय, घर चांगलं आहे.

मंगळवार, ७ जानेवारी

दुपारी वाटी आली. पितळेची, आतून ताजी कल्हई, काठाला बारीक पोचा. आत तांदळाची खीर, अजून कोमट. देणारा दिसला नाही. पलीकडे कोणी राखेनं भांडी घासत असल्याचा आवाज येत होता.

काय सांगू, बरं वाटलं. आपण राहायला आलो म्हणून कोणी वाटी पाठवतं, ही साधी गोष्ट. आमच्या वडिलांच्या वाट्याला ती आली नाही. आमच्या घरात शकुचा नियम आहे, शेजाऱ्याचं भांडं रिकामं जाणार नाही, निदान साखर तरी घालायची. काशीरामांचं बोलणं आठवलं आणि मुद्दाम साखर भरली. नको असेल तर टाकून देतील, म्हटलं. बघू.

थोड्या वेळानं पाहिलं, वाटी उचललेली होती. घेतली त्यांनी. माझ्या घरची घेतली.

गुरुवार, ९ जानेवारी

चहा गोड लागत नाही. आधी वाटलं, साखरेत भेसळ. बोटीनं पलीकडे जाऊन दुसरी आणली. गूळ खाल्ला, बाजारात जिलबी खाल्ली. ओला कापूस चावल्यासारखं. करोना म्हणावं तर वास सगळे येतात, तिखट कळतं, खारट कळतं. फक्त गोड गेलंय.

काल पुन्हा वाटी आली होती, भाजलेले कांदे होते. मी केलेलं पिठलं घालून परत दिली. आज पिठलं केलं तर मातीची चव. थकव्यानं होत असेल. वर्षाची दगदग आता अंगावर येतेय.

रविवार, १२ जानेवारी

शकु येऊन गेली. सकाळी धक्क्यावर उतरली तेव्हा कितीतरी वेळ नुसता श्वास घेत उभी राहिली. मग वर्सोव्याच्या बाजाराबद्दल बोलत सुटली. कोथिंबीर केवढी ताजी, बोंबीलवाली कशी घासाघीस करते, आणि अवो, औषधाचं दुकान तर बोटीच्या तोंडाशीच. घर पाहिलं. ओट्याची उंची तिच्या बेतानं करून घेतली होती, ते तिच्या लगेच लक्षात आलं. म्हणाली, एवढं डोकं लग्नाच्या वेळी कुठं ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात सामान घेऊन येते म्हणाली.

स्वयंपाक तिनंच केला. मला आता तिखट-खारटही लागत नाही, पण बोललो नाही. दुपारी वाटी आली. शकुनं बरोबर आणलेली शेंगदाण्याची चटणी स्वतःच्या हातानं तीत भरली आणि टाचा उंचावून भिंतीवर ठेवली. ठेवताना तिला खोकल्याची उबळ आली. पलीकडचं भांडी घासणं थांबलं. तिचा खोकला संपेपर्यंत थांबूनच राहिलं.

जाताना माझ्यासाठी आलेपाकाच्या वड्या ठेवून गेली. खोकला आला की ह्याच खाते ती, मुठीत घट्ट धरून.

मंगळवार, १४ जानेवारी

संघमित्राचा फोन. आईच्या हाताला काय झालंय कळत नाही म्हणे. संक्रांतीला तीच शेंगदाण्याची चटणी केली तर शेजारीण म्हणाली, वहिनी, माती कुटली का. आई हसली नाही. नुसती हाताकडे बघत बसली.

दुपारी वाटी आली. आत शेंगदाण्याची चटणी. शेंगदाणे जरा जास्त काळे भाजलेले, जिरं अर्धवट कुटलेलं, लसूण सालासकट. एवढं तंतोतंत शकुशिवाय कोणी करत नाही. जिभेला लावली. चव लागली. इतक्या दिवसांत पहिली. तिथंच उभ्यानं सगळी खाल्ली.

त्यांनी आमची चटणी चाखून तशीच केली असणार, सुगरण असेल कोणी. असं मनाला सांगितलं. परत द्यायला घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून आलेपाकाची एक वडी घातली.

शुक्रवार, १७ जानेवारी

सकाळी शकुचा फोन. खोकला गेला. साफ गेला. डंपिंगचा धूर दारापर्यंत आलाय आणि ती खिडकी उघडून बसलीय. मला आनंद व्हायला हवा होता. आवाज सपाट होता. अवो एकदाही म्हणाली नाही.

दुपारी भिंतीपलीकडे खोकला. आधी दोनदा कोरडा, मग खोलवर ओढलेला श्वास, मग बारीक कण्हणं. या खोकल्याशेजारी मी जन्म काढलाय. मला तो ओळखू येणार नाही?

वाडीच्या टोकाकडून वळून खाडीच्या बाजूनं भिंतीमागे गेलो. तिथं घर नाही. भिंतीला लागून चिखल, पुढे तिवरांची झाडी, मग पाणी. चिखलात पाऊल नाही. उभा होतो तोवर खोकला चालू होता, पण आता तो भिंतीच्या दुसऱ्या बाजूनं येत होता. माझ्या अंगणाच्या बाजूनं.

परत आलो. वाटी भिंतीवर, रिकामी. आणि पलीकडे ती खोकत होती, तिला श्वास पुरत नव्हता. खोकणाऱ्याला पाणी न देणं मला जमत नाही. आमच्या घरचं पाणी नाकारलेलं मी पाहिलंय, मी कुणाला नाकारणार नाही. पाणी भरून ठेवलं.

ते घेतलं. खोकला थांबला. मग कोणीतरी समाधानानं हुश्श केलं. शकु करते तसं.

शनिवार, १८ जानेवारी

काशीरामांकडे गेलो. सगळं सांगितलं. ते बोंबील वाळत घालत होते, हात तिथंच थांबले. म्हणाले, सांगितलं होतं ना, भरून देऊ नका. तेव्हा मी बोलून टाकलं की मला ते कसं वाटलं. आमच्या हातचं नको, असं.

म्हातारा खाली बसला. मग म्हणाला, कुंडलिकभाऊ, तसलं मनात पण आणलं नाय. आमी पण भरत नाय. माज्या सख्ख्या बहिणीनं भरली होती. पुढे काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, नीट फोडून बोलायला पायजे होतं, भाडेकरू पळेल म्हणून नाय बोललो. आता वाटी पालथी ठेवा, घर सोडा, आणि बाईला इकडे आणू नका.

एकानं विचारलं नाही, एकानं सांगितलं नाही. आणि मध्ये माझी शकु.

रविवार, १९ जानेवारी

वाटी पालथी ठेवली. चहा करून आलो तर उताणी. पुन्हा पालथी केली, वर दगड ठेवला. दगड अंगणात, वाटी उताणी. रिकामी. वाट बघतेय.

निघायला हवं. पण शकुचा खोकला इथं आहे. तिच्या हाताची चव इथं आहे. हे सोडून गोवंडीला कुणाकडे जाऊ?

मंगळवार, २१ जानेवारी

फोन केला, येऊ नकोस म्हणायला. शकुनं उचलला. आपण कोण बोलता, म्हणाली. मायेनं नाही, रागानं नाही. कंपनीतून फोन आल्यावर बोलतात तसं. मग संघमित्रा रडत फोनवर आली. आई कालपासून तुमच्या फोटोकडे बोट दाखवून विचारतेय हे गृहस्थ कोण. डॉक्टरांना काही सापडत नाही. उद्या तिला घेऊन तिकडेच येते, तुम्हाला बघून तरी—

नको म्हटलं. ओरडलो. ऐकत नाही. माझीच मुलगी.

संध्याकाळ व्हायच्या आधी भिंतीपलीकडून हाक. अवो, जेवायला या. ताट वाढलंय.

कढीचा वास येत होता. तिच्या हातच्या.

बुधवार, २२ जानेवारी

संघमित्राचा मेसेज. वर्सोव्याच्या धक्क्यावर आहेत. बोट लागतेय.

नीट विचार केला. बिघाड कुठून सुरू झाला ते पाहायचं, तिथूनच उलटं जायचं. जन्मभर हेच केलं. आपण घालतो ते तिकडे राहतं, आणि तिकडचं काहीतरी परत येतं. वडी दिली, शकुचा खोकला तिकडे गेला; पाणी दिलं, तिच्यातला मी तिकडे गेलो. चटणी दिली, चटणी आली. मग माणूस दिला तर माणूस परत येईल—

स्टूल भिंतीला लावलंय. वाटी हातात आहे. वरून पाहिलं. चिखल नाही आता. अंगण आहे. आमच्यासारखंच. ओटा शकुच्या उंचीचा—

दारात रिक्षा थांबली. संघमित्राचा आवाज. आणि शकु विचारतेय, कोणाचं घर हे—

पलीकडून पण शकुच. या ना अवो, निवतंय—

शकु, हे वाचशील तेव्हा तुला मी आठवत असेन. आठवलो तर जमलं. लगेच निघ. नाहूरला जा. उद्या भिंतीवर वाटी आली तर उचलू नकोस. भरलेली असली तरी नको. वास ओळखीचा आला तरी खाऊ नकोस गं, तीत मी—