चिलखती म्हैस आणि काट्याची पोती

६ जानेवारी, मंगळवार

नापास! लिटरला साडेतीन किलोमीटर हवे होते, मिळाले सव्वातीन. मोडनिंबला जाऊन येईस्तोवर म्हशीनं एवढं डिझेल ढोसलं की बघवेना.

आमच्या चिलखती ट्रकला कारखान्यात सगळे म्हैसच म्हणतात. नाव मीच ठेवलंय — काळी, रुंद, आणि बाजूला हो म्हटलं तर ढिम्म हलत नाही.

ड्रायव्हर चनबसप्पा खाली उतरला तो मान हलवतच. "म्याडम, दृष्ट लागली बघा. पुढं लिंबू-मिरची बांधू." म्हटलं, बांध बाबा, पण चिलखताच्या बाहेरून बांध, आत जागा नाही!

आमचे साहेब, यज्ञेश्वर सर, ओरडले नाहीत. हे जास्त वाईट. म्हणाले, "शुक्रवारी सोळाला लष्कराची माणसं येतायत. त्यांच्यासमोर साडेतीन दिसले नाहीत तर गाडीचं काम बंद, आणि आपली सगळ्यांची बदली चाकणला." चाकण! पुण्याची नोकरी सोडून मी सोलापूरला आले ती काय पुन्हा त्या ट्रॅफिकमध्ये सडायला?

७ जानेवारी, बुधवार

टायरची हवा तपासली. फिल्टर तपासले. इंजिन तपासलं. आता माझं डोकं तेवढं तपासायचं राहिलंय.

९ जानेवारी, शुक्रवार

वैरागहून आत्याचा फोन. "अगं, लढाईत ॲव्हरेज कोण बघतंय?"

म्हटलं, तुझा लाडका भाचा बघतो! ऋतुराज, माझा धाकटा भाऊ. लष्करात ड्रायव्हर. वर डोंगरातल्या चौक्यांवर पीठ, रॉकेल, दारूगोळा पोचवतो. आणि डिझेल! निम्म्या गाड्या दुसऱ्या गाड्यांचं डिझेल वाहण्यातच झिजतात. गाडी कमी प्यायली की फेऱ्या कमी. फेऱ्या कमी म्हणजे ऋतुराज त्या घाटात कमी वेळा. माझं गणित एवढंच आहे. मला त्याची भीती वाटते — रोज वाटते. लिहिलं एकदाचं, बरं वाटलं.

म्हणून तर टाकीसुद्धा मी लहान केली. गाडी कमी पिणार असेल तर मोठी टाकी उगाच कशाला वागवायची? सर तेव्हा "शाब्बास" म्हणाले होते. सव्वातीनच देणार असेल तर ती टाकी घाट चढतानाच कोरडी पडेल. हातभर अंतरावर चौकी आणि गाडी उभी. शाब्बासच म्हणायचं!

१२ जानेवारी, सोमवार

सापडलं!! हसावं की रडावं!

चाचणीला माल म्हणून आम्ही गाडीत आठ टन वाळूची पोती भरतो. भरतो म्हणजे महिपती भरतो. श्रीपूरकडचा माणूस, इथं यायच्या आधी सगळी हयात उसाच्या गाड्या भरण्यात गेली. आमचा वजनकाटा दिवाळीपासून बंद आहे, तेव्हा त्याला पोती मोजून भरायला सांगितलं होतं. आज गाडी रिकामी करताना मला विचारतो, "ताई, काट्याची पोती येगळी ठिवू का?"

"कसली काट्याची?"

"वरची ओ. साखर कारखान्याचा काटा वजन खातोय न्हवं! ऊस भरताना आमी वर थोडं घालतोच की. म्हनलं लष्कराचं काम हाय, कमी नको पडाय."

"अरे पण आपण काट्यावर जाणारच नव्हतो! मोजून भर म्हटलं होतं ना?"

"मोजूनच भरली की. मोजून झाल्यावर वर घातली."

जवळजवळ दीड टन जास्त! अख्खा आठवडा मी इंजिनाला शिव्या घालतेय आणि म्हशीच्या पाठीवर हा न आलेल्या काट्याची भरपाई करून बसलाय! मी आधी ओरडले. मग असं हसू फुटलं की तिथल्याच एका पोत्यावर बसले. चनबसप्पा खूश. "दृष्ट लागली म्हणालो नव्हतो का? महिपतीचीच होती!"

१३ जानेवारी, मंगळवार

भोगी. सगळ्यांसाठी डबा नेला — तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, वर लोण्याचा गोळा. महिपती शेवटपर्यंत जवळ येईना. "चुकलं ओ ताई, तोंड दाखवाय जागा न्हाय." म्हटलं, तोंड दाखवू नकोस, नुसतं उघड. तीन भाकऱ्या खाल्ल्या पठ्ठ्यानं.

१६ जानेवारी, शुक्रवार

पास! पास! पास!

आज हायवेवरच्या दुसऱ्या काट्यावर वजन केलं. बरोबर आठ टन, एक पोतं इकडचं तिकडं नाही. साडेतीनच्याही वर दिले माझ्या म्हशीनं! लष्कराच्या साहेबांनी बॉनेटवर थाप मारली, "व्हेरी गुड" म्हणाले आणि चहा न घेताच गेले. आमचे यज्ञेश्वर सर चक्क नाचले. त्यांना नाचता येत नाही, हेही आजच कळलं.

चाकण गेलं खड्ड्यात! उद्या सगळे हुरडा खायला.

१८ जानेवारी, रविवार

ऋतुराजचा फोन लागला. मी एका दमात सगळं सांगितलं. महिपतीचा किस्सा ऐकून हसेल असं वाटलं होतं. हसलाच नाही.

"आक्का, आठाच्या गाडीत आठ टन कोण भरतंय?"

"म्हणजे?"

"नऊ-साडेनऊ जातंयच की. रस्ता बर्फानं कवा बंद हुईल नेम न्हाय. एक फेरी वाचती. समदेच वर भरत्यात, मी बी भरतो."

"अरे, नियम काय आहे?"

"नियम खाली ऱ्हातो गं. गाडी वर जाती."

पुढं तो शेंगाचटणी पाठव म्हणाला, आईची तब्येत विचारली. मी हो हो करत राहिले. माझ्या डोळ्यासमोर फक्त ती टाकी. मीच लहान केलेली. साडेनऊ टन म्हणजे सव्वातीन. सव्वातीन म्हणजे घाटात कोरडी. उभ्या गाडीला चिलखत घालून काय उपयोग?

कुणाला कळणार आहे म्हणा! कागदावर आठ, गाडी पास, सगळे खूश. चनबसप्पाच्या पोरीची शाळा इथंच, महिपतीचं घर इथंच, माझंही. गप्प बसले तर कुणी नाव ठेवणार नाही.

माझा तर राग राग झालाय. ऋतुराजवर, महिपतीवर, सगळ्या वर भरणाऱ्यांवर!

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, सर, महिपतीची पोती परत वर चढवा. आणि त्या लष्कराच्या साहेबांना फोन लावा — पास झालेली गाडी मला नापास करायचीय.