चार नंबरची खोली

१९ जुलै १९४३, सोमवार
शनिवारपासून गिरण्यांना आठवड्याची सुट्टी. यंदा समुद्रावर, ब्लॅकपूलला कुणी जायचं नाही. रेल्वेगाड्या लढाईसाठी फौजेला लागतात. 'सुट्टी घरीच' कमिटीने मला पोस्टरं चिकटवायचं काम दिलं. 'तुमचा प्रवास खरंच गरजेचा आहे का?' अखेर गावाला माझी किंमत कळली.

२० जुलै
पहिलं पोस्टर शेजारच्या वॉल्टर पिकपच्या दारावर. जरा तिरकं बसलं. पिकप म्हणाला, "जोबकाका, हे वाचायला मान वाकडी करावी लागते." मी म्हटलं, "तुझी मान मी सरळ करीन!" म्हणजे घरी आल्यावर म्हटलं. तेव्हाच सुचलं.

२२ जुलै
पिकप कुंपणावरून म्हणतो, ब्लॅकपूलला मिसेस थ्रेलफॉलच्या बोर्डिंगातली चार नंबरची खोली त्याने घेतली आहे. माझी खोली! खिडकीतून समुद्र. सव्वीस वर्षं मी आणि माझी बायको ॲग्नेस तिथेच उतरलो. ती गेल्यावर तिथे पिकप घोरणार? जीव गेला तरी नाही!
कमिटीत ठराव मांडला: प्रवास करणाऱ्यांची नावं सुट्टीतल्या गुरुवारी, बागेत बँड वाजतो तेव्हा सगळ्यांसमोर वाचायची. एकमताने पास. पिकपनेही हात वर केला. निर्लज्ज!

२४ जुलै, सकाळी ६
पिकप सुटकेस घेऊन निघाला! त्याच्याआधी पोचून रंगेहाथ पकडतो. माझा प्रवास कामाचा, म्हणून गरजेचा. मुलगी हिल्डा विचारते, "बाबा, पोहायची चड्डी कशाला?" वेषांतर. बायकांना कळायचं नाही.

संध्याकाळी
गाडीत पाच तास उभ्याने. एका सैनिकाचा बूट माझ्या अंगठ्यावर. मिसेस थ्रेलफॉल म्हणाल्या, "कोण पिकप? चार नंबर रिकामी आहे. नेहमीचीच ना? रेशनचं पुस्तक द्या आणि तुमच्या वाट्याच्या अंड्यावर पेन्सिलीने नाव घाला, मागाहून भांडणं नकोत."
खोली ताब्यात घेतली. पुरावा म्हणून.

२७ जुलै
पिकप आला नाही. घाबरला. खिडकीतून पाळत चालू. ॲग्नेसची खुर्ची तिथेच आहे. तिला सगळा डाव समजावला. तिने नेहमीसारखं ऐकून घेतलं.

३० जुलै
हिल्डाचं पत्र. सुटकेशीत पिकपचा बँडचा गणवेश होता. तो बागेपलीकडे गेलाच नाही. खोलीची थाप त्याने मला चिडवायला मारली होती. काल बँड थांबवून ठरावाप्रमाणे नावं वाचली. एकच होतं. पिकपने वाचलं. 'जोबकाका कुठे आहेत म्हणून त्याने विचारलं, मला खोटं बोलवेना,' असं हिल्डा लिहिते. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.
पिकपला सोडणार नाही.

३१ जुलै
परत. अंगठा सुजला आहे. माझ्या दारावर पोस्टर. खरवडून पाहिलं, निघत नाही. चारही कोपरे बसलेले, रेषेत सरळ.
इतकं सरळ मला एकही जमलं नव्हतं.