नर्सबाईंचा पडदा

दि. ९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
बाबांचे आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, शिलाईचं मशीनही. गुडघा मधूनच कुरकुरतो, पण आता आमची ओळख झाली आहे. जावईबापूंचा खोकला थांबला का?

तू जाताना पाणी, वीज वाचवायचे आणि कचरा कमी करायचे जे कायदे लावून गेलीस, ते पाळतोय. गळका नळ दुरुस्त केला. खानावळीत स्वतःचा डबा नेतो. आधी प्लॅस्टिकच्या खोक्यातून जेवण घरी यायचं, मी टीव्हीसमोर बसून गिळायचो, संपला दिवस. आता डबा भरेपर्यंत बाकावर बसावं लागतं. चार माणसं भेटतात. खानावळवाला माझ्या टकलाची चेष्टा करतो.

गॅलरीत खताची बादलीही ठेवली. तिला असा काही वास सुटला, की खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड नर्सबाई नाक धरून वर आल्या. "दादा, नुसती ओली सालं काय टाकताय? सुका पाला घाला की!" पालाही त्यांनीच आणून दिला. त्याही माझ्यासारख्याच एकट्या.

पिशव्यांचं सांगायलाच हवं. तू म्हणालीस, शिलाईच्या दुकानातल्या चिंध्यांच्या पिशव्या शिवून इमारतीत वाटा. वाटल्या, कौतुकही झालं. मग एके सकाळी नर्सबाई दारात. "तुमच्याकडे पडदा दिला होता, खालची शिवण उसवलेला. आज बाजारात भेटला मला. त्यातून कांदे डोकावत होते!"

अगं, तो मोठ्या पिवळ्या फुलांचा पडदा मी चिंध्यांत धरून कापून टाकला होता. अख्खी इमारत त्यांचा पडदा हातात घेऊन फिरत होती! मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. पण त्या जिन्यातच बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. नव्या पडद्यासाठी मी खिडकीचं माप घ्यायला गेलो. चहा झाला. दुसऱ्या दिवशी माप चुकलं म्हणून पुन्हा गेलो. तुझ्या बाबांचं माप कधी चुकत नाही, हे तुला माहीत आहे.

तर मुद्दा असा. वीज वाचवा म्हणतेस ना? इथे एका माणसाला एक फ्रिज, एक पंखा, एक दिवा. खाली दुसऱ्या माणसाला पुन्हा तेवढंच. दोघांचं एकाच घरात भागलं तर किती वाचेल, तूच सांग.

हसू नकोस. विजेचं काही नाही गं. मला त्या आवडतात. दोन दिवस दिसल्या नाहीत तर घर खायला उठतं. आई गेल्यावर मी नुसते दिवस ढकलत होतो. तू हातात डबा देऊन मला घराबाहेर काढलंस, म्हणून पुन्हा माणसांत आलो. पोरीचे आभार मानताना बापाची जीभ अडखळते, म्हणून लिहून मानतोय. मनापासून.

आईचं कपाट तसंच आहे. तिच्या एकाही कपड्याला कात्री लावलेली नाही, लावणारही नाही. नर्सबाई म्हणाल्या, "मुलीला विचारल्याशिवाय मी वर एक चमचाही आणणार नाही." म्हणून विचारतोय. तुला नको वाटलं तर सरळ तसं कळव. मी रागावणार नाही, आम्ही आपापल्या मजल्यावर राहू. हो म्हणणार असशील तर मात्र फोन करू नकोस, मला बोलता यायचं नाही. सरळ निघून ये.

तुझ्या आईला एक दिवसही न विसरलेला,
आणि तरी तुझ्या होकाराकडे डोळे लावून बसलेला,
तुझा बाबा